खाडीची साक्ष

दिवाळी अंकात निदान एक तरी भुताची गोष्ट असावी, असा आपल्याकडे जणू दंडकच आहे. चकली, कडबोळी, करंज्या यांनी ताट कितीही भरले तरी चिवड्यातली तळलेली मिरची दाताखाली आल्याखेरीज फराळ झाल्यासारखा वाटत नाही, तसेच हे. या सदराकडे वर्षभर येणाऱ्या पत्रांतही पुष्कळशी पत्रे याच चवीची असतात. कुणाच्या मामांना कोकणात ओहोळापलीकडे कंदील हलताना दिसतो, आणि जवळ जावे तो कंदीलही नसतो व कंदील धरणाराही नसतो. कुणी मंडळी डोंगरात भटकावयास जातात आणि तासभर सरळ चालून पुन्हा त्याच आंब्याखाली येऊन पोचतात. कुणी गच्चीवर निजलेले असते आणि मध्यरात्री डोक्यावरून कुणीतरी घोगऱ्या आवाजात बोलत गेल्याने दचकून जागे होते. हकिकत कोणतीही असो, पत्राची शेवटची ओळ ठरलेली : 'यावर आपले मत काय ?'

मत देणे फार सोपे. अशा हकिकती ऐकणारांच्या आपल्यात दोन जाती आहेत. पहिली जात तत्काळ विश्वास ठेवते आणि लिंबूमिरची आणावयास धावते. दुसरी जात तत्काळ हसते आणि 'रात्री जेवणात काय होते ?' म्हणून विचारते. पहिली जात भाबडी व दुसरी शहाणी असा आपला समज आहे. मला विचाराल तर दोघींचे एका बाबतीत अगदी एकमत असते. सांगणाऱ्याने नेमके काय पाहिले, हे पुरते ऐकून घेण्याची तसदी दोघींपैकी कुणीच घेत नाही.

म्हणून यंदा या तिन्ही पत्रांना मी एकत्रच उत्तर देणार आहे, आणि त्यासाठी वाचकांना कोकणात किंवा सह्याद्रीत नेणार नाही. आपण माहूलला जाऊ. गड चढणाऱ्या मंडळींनी याला शहापूरजवळची माहुली समजू नये. हे मुंबईतले माहूल. चेंबूरच्या पुढे, ट्रॉम्बेच्या डोंगराच्या पायथ्याशी, खाडीला तोंड करून बसलेले कोळ्याआगऱ्यांचे जुने गाव. मुंबईकरांना हे नाव ठाऊक आहे ते तेलामुळे. १९५४ आणि १९५५ साली या भागात दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. पुढे दोन्ही सरकारी झाले, आणि आज रात्री दुरून माहूल ओळखावयाचे तर त्यांच्या धुराड्यांवरून. पण गावाची दुसरी बाजू पाहिली म्हणजे तेथे तिवरांची हिरवी भिंत लागते, आणि ओहोटीला तिच्यापलीकडे शिवडीच्या दिशेने जो चिखल उघडा पडतो त्याला अंत दिसत नाही. एवढ्या मोठ्या शहरात, लाखो दिव्यांच्या मध्यभागी, असे एक रान आहे की ते दिवसातून दोनदा समुद्रातून वर येते आणि दोनदा बुडते. रहस्याला याहून चांगली जागा कोणती ?

प्रथम पहिल्या पत्रातला कंदील. दलदलीच्या जागी, खाजणात, जुन्या तळ्याकाठी रात्री तरंगता उजेड दिसतो, ही हकिकत केवळ आपल्याकडची नाही. आपण त्याला भुताचा दिवा म्हणतो, कुणी आग्या वेताळ म्हणतो. युरोपातही दलदलीतून वाटसरूंना भुलविणाऱ्या दिव्यांच्या गोष्टी शेकडो वर्षे सांगितल्या गेल्या. हसणारे हसत राहिले. १७७६ साली इटलीत आलेस्सांद्रो व्होल्टा या शास्त्रज्ञाने माज्जोरे सरोवराच्या काठच्या चिखलात काठी ढवळली, वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले आणि त्यांना ज्योत लावली. बुडबुडे पेटले. हाच तो मिथेन वायू. झाडपाला चिखलात, हवा न मिळता, कुजू लागला म्हणजे तो तयार होतो. माहूलच्या चिखलात पाय रोवून पुन्हा उपसावा, बुडबुड बुडबुड असा आवाज येतो आणि कुजका वास सुटतो. त्यात मिथेन असतोच, वास मात्र त्याच्या गंधकी सोबत्याचा.

पण पेटवितो कोण ? व्होल्टाच्या हाती ज्योत होती, खाजणात कुणाच्या हाती असते ? हा प्रश्न पुढे दोनशेहून अधिक वर्षे लोंबकळत राहिला. आपोआप पेटणाऱ्या दुसऱ्या एखाद्या वायूवर पुस्तकांनी भार टाकला, परंतु सर्वांचे समाधान झाले नाही. अगदी अलीकडे, २०२५ साली, अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील शास्त्रज्ञांनी पाण्यातून वर येणाऱ्या मिथेनच्या अतिसूक्ष्म बुडबुड्यांमध्ये विजेच्या बारीक ठिणग्या पडतात असे प्रयोगात दाखविले. बुडबुडाच आपली काडी आपणच ओढतो म्हणाना ! प्रयोगशाळेतली ठिणगी आणि खाजणातला दिवा यांच्यात अजून पुष्कळ अंतर आहे; ते तुटेल तेव्हा तुटेल. आपल्यापुरते महत्त्वाचे एवढेच की, पत्रातल्या मामांनी उजेड पाहिला असेल. त्यांनी त्याला नाव चुकीचे दिले, पण म्हणून त्यांचे डोळे चुकीचे ठरत नाहीत.

आता दुसरे पत्र, त्याच आंब्याखाली परत येणाऱ्या मंडळींचे. याला आपण चकवा म्हणतो. कोकणात ज्याला कधी चकवा लागला नाही असा मनुष्य विरळा. पायाखालची वाट ओळखीची, गाव हाकेच्या अंतरावर, आणि तरी माणूस रात्रभर एकाच शेताला प्रदक्षिणा घालतो. त्यावरचे उपायही आजीने सांगितलेले : जागच्या जागी खाली बसावे, तंबाखू मळावी, सदरा उलटा करून घालावा, उजाडेपर्यंत हलू नये.

जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील संशोधकांनी या चकव्याचीच परीक्षा घेतली आणि २००९ साली ती प्रसिद्ध केली. काही माणसांना एका सपाट, घनदाट जंगलात सोडले आणि सांगितले, 'नाकासमोर सरळ चालत रहा.' काहींना ट्युनिशियाच्या वाळवंटात सोडले. प्रत्येकाच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारे यंत्र होते. सूर्य दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरून आले त्या दिवशी जंगलातली माणसे गोल फिरू लागली, स्वतःचीच वाट ओलांडून गेली आणि आपण सरळच चाललो आहोत असे मानीत राहिली. वाळवंटात रात्री चालणाऱ्याने चंद्र होता तोपर्यंत वाट सोडली नाही. चंद्र मावळताच तो वळला. डोळे बांधून चालविले तेव्हा काहींनी घेतलेली वर्तुळे अवघ्या वीस मीटर व्यासाची भरली. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस वळतो, या लोकप्रिय समजुतीलाही आधार मिळाला नाही. आपल्या मेंदूतला 'सरळ' हा काटाच हळूहळू सरकत जातो, आणि बाहेरची एखादी स्थिर खूण त्याला पुन्हा जागेवर आणीत नाही तोवर तो सरकतच राहतो.

म्हणजे चकवा लागतो, हे खरे. त्याला झाडावर बसलेल्या कुणाची गरज नसते, एवढाच काय तो फरक. आणि आजीच्या उपायांकडे आता पुन्हा पहा. सदरा उलटा केल्याने काही होत नसेल, पण तो करण्यासाठी थांबावे लागते. तंबाखू मळावयास बसावे लागते. चकव्यात सापडलेल्या माणसाने करावयाची गोष्ट ती हीच. घाबरून धावत सुटणे तेवढे करावयाचे नाही.

माहूलच्या चिखलात मात्र खाली बसण्याची सोय नाही, कारण तेथे पाणी येते. उधाणाच्या दिवसांत मुंबईची भरती ओहोटीपेक्षा चार मीटरहून अधिक उंच चढते. सपाट चिखलावर ती भिंतीसारखी येत नाही. आधी बारीक खाचा भरतात, मग आपल्या आणि काठाच्या मधली जागा गुपचूप पाण्याखाली जाते. मग धुक्याच्या पहाटे चिखलात चिंबोऱ्या आणि निवट्या धरावयास गेलेल्या माणसाला चकवा लागला तर ? गेल्या हिवाळ्यात मी माहूलच्या बंदरावर जाळे विणीत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला हा प्रश्न विचारला. बाबांनी सुई न थांबविता उत्तर दिले :

"मास्तर, काठ दिसला नाय तर पायाजवलचं पानी बघावं. ओहोटीला पानी दर्याकडं जातं, भरतीला घराकडं येतं. मानसाला चकवा लागतो, पान्याला नाय लागत."

ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी यंत्रे बांधून जे शोधून काढले तेच हे आहे. आपल्या आतल्या काट्यावर विसंबू नये, बाहेरची खूण धरावी. जंगलात ती खूण सूर्याची असते, माहूलच्या चिखलात वाहत्या पाण्याची. बाबांचे चकव्याविषयीचे मत मी विचारले नाही. चकवा असतो असेच ते म्हणाले असते, आणि त्याने त्यांच्या शहाणपणात काही उणे आले नसते.

राहिले तिसरे पत्र, मध्यरात्री डोक्यावरून बोलत जाणाऱ्यांचे. मुंबईच्या खाडीकाठचा वाचक असेल आणि दिवस हिवाळ्याचे किंवा उन्हाळ्याचे असतील, तर त्याने ऐकलेला आवाज बहुधा रोहित पक्ष्यांचा. यांनाच अग्निपंख म्हणतात; शहरात सगळे फ्लेमिंगो म्हणतात. हे पक्षी दूरचा प्रवास रात्री करतात, आणि उडता उडता हंस-बदकांसारख्या घोगऱ्या आवाजात एकमेकांना हाका देत जातात. काळोखात पक्षी दिसत नाही. फक्त आभाळातून संभाषण ऐकू येते. वेताळाची पालखी कानावर घेऊन लहानाचा मोठा झालेला माणूस अंथरुणात उठून बसला तर त्याला कोण हसेल ?

दिवाळी आटोपून थंडी पडली की हे पाहुणे येऊ लागतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. शिवडी ते माहूल हा चिखल त्यांचा मोठा अड्डा. मान खाली घालून, चोच उलटी पाण्यात धरून, ते चिखलपाणी आत ओढतात, गाळतात आणि बाहेर टाकतात. त्यांतले लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतात. पिसांचा गुलाबी रंगही या अन्नातूनच चढतो. २०१९ च्या गणनेत मुंबई परिसरातली त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. पाठीमागे तेलाच्या टाक्या, वर धूर, समोर जहाजे, आणि मध्ये हा गुलाबी शालू पसरलेला. खरोखर हे दृश्य पाहून भूत पाहिल्यासारखेच वाटते.

आणि येथे माझी उत्तरे संपतात. कारण हे पक्षी एवढ्या मोठ्या संख्येने येथे आले ते १९९४ च्या सुमारास. ते का आले ? शहराच्या सांडपाण्याने खाडीतले शेवाळ माजले आणि त्यांना ताट वाढलेले मिळाले, हा एक तर्क. त्यांच्या जुन्या जागा बिघडल्या म्हणून ते इकडे वळले, हा दुसरा. दोन्हींत तथ्य असू शकेल. परंतु पहिल्या थव्याला हे ताट येथे मांडले आहे याचा पत्ता कुणी दिला, हे कुणालाही सांगता आलेले नाही. कच्छच्या रणात त्यांची वीण होते; १९४५ साली सलीम अली तेथवर जाऊन ती चिखलाच्या घरट्यांची नगरी पाहून आले. जानेवारी २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या तज्ज्ञांनी ठाण्याच्या खाडीतल्या सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसविली. एकाचे नाव पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून हुमायून ठेवले. पावसाळा आला तशी ही मंडळी गुजरातच्या वाटेला लागली, आणि त्यांचा मार्ग नकाशावर उमटला. ते कोठे जातात हे असे कळले. रात्री, समुद्राच्या काठाकाठाने, वाट चुकल्याशिवाय कसे जातात, हे यंत्राने सांगितले नाही.

पक्ष्यांना तारे कळतात, पृथ्वीचे चुंबकत्व कळते, हे इतर जातींवरच्या प्रयोगांवरून ठाऊक झाले आहे. त्यांतला एक प्रयोग माहूलकरांनी ऐकण्याजोगा आहे. जर्मनीतील ओल्डेनबर्ग शहरात रॉबिन पक्ष्यांना लाकडी खोपटात ठेवले तर त्यांची दिशा हरपे. खोपटाला अॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून ते जमिनीला जोडले की दिशा परत सापडे. शहरातल्या विजेच्या उपकरणांतून आणि प्रक्षेपणांतून जो विद्युत्-चुंबकीय कोलाहल हवेत पसरतो, त्याने त्यांचे आतले होकायंत्र आंधळे होत होते. हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. जुन्या मराठीत चक्रवाकालाही चकवा म्हणत. पण खुद्द पक्ष्याला चकवा लागतो, आणि तो लावणारे आपण असतो, ही गोष्ट नवी आहे. रोहितांच्या बाबतीत असे होते की नाही, हे अजून कुणी तपासलेले नाही.

आता एका रात्रीची हकिकत सांगतो. ती कुणाच्या मामांची नव्हे. २० मे २०२४. घाटकोपर पूर्वेला पंतनगरच्या लक्ष्मीनगर भागात, रात्री नऊच्या आत-बाहेर, आभाळातून मेलेले गुलाबी पक्षी पडू लागले. घरांवर पडले, रस्त्यात पडले. मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाची रोहितांच्या थव्याशी टक्कर झाली होती. विमान सुखरूप उतरले. पक्षी तीसहून अधिक मेले. आभाळातून पक्षी पडताहेत म्हणून सांगणाऱ्या वस्तीतल्या माणसांना त्या क्षणी कुणी हसले असते, तर काय झाले असते ? त्यांनी ओरडून सांगितले, म्हणून वन खाते आणि पक्षिमित्र तेथे पोचले आणि गोष्ट नोंदली गेली. तो थवा त्या वेळी विमानांच्या वाटेत इतक्या खाली का होता, यावर मात्र आजही तर्कच चालू आहेत.

माहूलची आणखी एक साक्ष सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. तेथले लोक वर्षानुवर्षे सांगत होते की, येथल्या हवेत काहीतरी आहे, रात्री वास येतो, छाती भरते. ही गोष्टही अदृश्यच. रात्री वारा पडतो, जमिनीलगतची हवा गार होऊन बसते, आणि जे दिवसा उडून जाते ते रात्री उशाशी येऊन थांबते. पण दिवसा पाहणीला येणाऱ्याला ते कसे भेटावे? अखेर डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने माहूल व अंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्याला तेथल्या हवेमुळे धोका असल्याचे मान्य केले. त्यानंतरही तानसा जलवाहिनीच्या काठची घरे पाडून हजारो माणसे माहूलच्या इमारतींत नेऊन ठेवली गेली, आणि त्यांनीही तीच तक्रार पुन्हा पहिल्यापासून सांगितली. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी भाडे देण्याचा आदेश दिला. भुताची हकिकत सांगणाऱ्याला आपण हसतो, त्याचे फारसे बिघडत नाही. पण ऐकून न घेण्याची सवय एकदा लागली म्हणजे ती भुतांपाशी थांबत नाही.

म्हणून 'आपले मत काय ?' या ओळीला माझे उत्तर असे. विश्वास ठेवू नका आणि हसूही नका, लिहून ठेवा. पुढच्या वेळी या सदराला हकिकत पाठवाल तेव्हा तारीख लिहा, तिथी लिहा, घड्याळात किती वाजले होते ते लिहा. चंद्र होता की नव्हता, वारा कुठून होता, पाणी भरतीचे होते की ओहोटीचे, आणखी कुणी पाहिले वा ऐकले का, हे लिहा. कोण होते ते तुम्ही ठरवू नका. काय होते तेवढे सांगा. व्होल्टाच्या आधी ज्यांनी ज्यांनी भुताचा दिवा पाहिला, त्यांतल्या दहा जणांनी जरी असे टिपून ठेवले असते, तरी पुढच्यांची शोधाशोध पुष्कळ वाचली असती.

घाईही आहे. ठाण्याच्या खाडीतल्या रोहितांसाठी २०१५ साली अभयारण्य झाले आणि २०२२ साली त्याला रामसर यादीत स्थान मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण शिवडी-माहूलचा चिखल त्या अभयारण्याच्या हद्दीत येत नाही. जानेवारी २०२४ पासून शिवडीहून निघणाऱ्या अटल सेतूवर मोटारी धावू लागल्या आहेत. जे पक्षी न सांगता आले ते न सांगता जाऊही शकतात, आणि मग ते का आले होते, या प्रश्नाचे उत्तर शोधावयाला चिखलही शिल्लक नसेल.

लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची. त्या सुमारास माहूलला उधाणाचे पाणी असते, आणि मुंबईत उधाणाची ओहोटी बहुधा सांजसकाळी लागते. म्हणजे आपण उंबरठ्यावर पणत्या मांडीत असतो त्याच वेळी तिकडे समुद्र दूरवर मागे सरकलेला असतो आणि चिखल उघडा पडलेला असतो. या दिवसांत चेंबूरकडे कुणाकडे फराळाला जाणे झाले, तर मुलांना घेऊन दिवसाउजेडी खाडीच्या काठापर्यंत जरूर जा. चिखलात उतरू नका. उभे राहून पहा, ऐका, आणि घरी आल्यावर दिसले तेवढेच लिहून ठेवा.